इंदूरमध्ये विनाकारण पोलिसांची लाठी बसली, तर पुढे काय करायचं

पुणे, जळगाव, नागपूरकडून शिकायला किंवा नोकरीला इंदूरला आलेल्यांसाठी हे लिहितोय. तुम्ही भंवरकुआँच्या कोचिंगला असाल, विजयनगरात तिघांत खोली घेऊन राहत असाल किंवा सुपर कॉरिडॉरवर कंपनीत असाल, राजवाडा आणि रात्रीचा सराफा, म्हणजे तिथला खाऊबाजार, काही सुटत नाही. या शहराला गर्दीची हौसही दांडगी. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, आणि भारताने सामना जिंकला की राजवाड्यावर उसळणारा जमाव. अशा गर्दीत कधी दंडे चालतात आणि जुना इंदुरी बरोबर गल्लीत सटकतो. नव्या माणसाला मात्र कुठली गल्ली कुठे निघते हेच ठाऊक नसतं.

गर्दी नसतानाही हे घडू शकतं. एप्रिल २०२१ मध्ये इंदूरच्याच परदेशीपुरा भागात मास्क नाकाखाली घसरला म्हणून एका रिक्षाचालकाला दोन शिपायांनी त्याच्या मुलादेखत रस्त्यावर पाडून मारलं. व्हिडिओ देशभर फिरला आणि शिपाई निलंबित झाले. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०२० मध्ये, बैतूलला उपचारासाठी दवाखान्यात निघालेल्या एका वकिलाला पोलिसांनी मारलं. त्याच्याकडे व्हिडिओ नव्हता. त्याने दवाखान्याचा कागद केला, वरपासून खालपर्यंत लेखी तक्रारी केल्या, फुटेजसाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला, आणि तक्रार मागे घे म्हणून दबाव आला तो जगासमोर मांडला.

मी नेहमी या वकिलाची वाट धरायला सांगतो. व्हिडिओमुळे फार तर निलंबन होतं आणि आठवड्याने सगळे विसरतात. शिक्षा, भरपाई, खातेनिहाय चौकशी हे सगळं कागदावर उभं राहतं आणि तो कागद पहिल्या दोन दिवसांत तयार झाला नाही तर नंतर होत नाही.

आधी कायदा, थोडक्यात

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खाली मी त्यांना नागरिक संहिता आणि न्याय संहिता म्हणतो. ठाण्यातली जुनी मंडळी अजून जुनेच आकडे बोलतात, तेव्हा दोन्ही कानावर असू द्या.

बेकायदा जमाव हटवण्याचा अधिकार नागरिक संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे, जुना आकडा १२९. आधी हुकूम द्यायचा: पांगा. तो द्यायचा कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने. तो नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाच्या माणसाने. लोक हटले नाहीत, किंवा हटणार नाही असं वागण्यातून दिसलं, तरच बळ. म्हणजे एकट्या शिपायाला मनात आलं म्हणून कोपऱ्यावर पोहे खाणाऱ्यावर दंडा चालवायची मुभा या कलमात कुठेच नाही. अटकेच्या वेळीही माणूस पळून जाऊ नये इतकाच अटकाव करायचा, त्याहून जास्त नाही, असं कलम ४६ सांगतं.

दुसरी बाजूही माहीत असावी. सद्भावनेने जमाव हटवणाऱ्या पोलिसाला कलम १५१ चं संरक्षण आहे. त्यामुळे तुमची लढाई 'पोलिसांनी बळ वापरलं' या मुद्द्यावर नसते. हुकूम झाला नव्हता, मी जमावात नव्हतो, किंवा मी पळत होतो, खाली पडलो होतो आणि तरी मारत राहिले, हे दाखवावं लागतं. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून २०११ मध्ये मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर कारवाई झाली. त्यावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर कडक ताशेरे ओढले आणि भरपाई द्यायला लावली. थोडा दोष आयोजकांच्याही पदरात घातला.

इंदूरची एक खासियत आहे. डिसेंबर २०२१ पासून इथे पोलीस आयुक्तालय आहे. पूर्वी जमावबंदीचा आदेश, शांतता राखण्याचे बंधपत्र ही कामं कलेक्टर कचेरीतून व्हायची. आता शहरात ती पोलीस अधिकाऱ्यांकडेच आली. आदेश काढणारा आणि अंमल करणारा एकाच खात्यातला, म्हणून तक्रार खात्याबाहेरही कुठेतरी नोंदलेली असणं इथे जास्त गरजेचं आहे. शहराचे चार झोन आहेत, प्रत्येकावर एक डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त. महू, सांवेर, देपालपूर हा भाग मात्र इंदूर ग्रामीणमध्ये येतो आणि तिथे पोलीस अधीक्षक असतात. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला की आठवडा वाया जातो.

दंडे चालायला लागले की

वाद घालू नका. 'मैं तो बस खड़ा था, भिया' हे त्या क्षणी कोणी ऐकत नाही. हात उघडे, दिसतील असे ठेवा, डोकं झाका आणि गर्दीच्या धावण्याच्या दिशेने न जाता बाजूच्या दुकानात किंवा बोळात शिरा. पडलात तर कुशीवर गोळा होऊन डोकं आणि मान सांभाळा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका: लाठी पकडू नका. आपसूक हात जातो हे मान्य, पण सरकारी नोकरावर बळ वापरल्याचं न्याय संहितेचं कलम १३२ त्या एका झटापटीवर लागू शकतं आणि मग तुमच्या तक्रारीसमोर त्यांची तक्रार उभी राहते. इकडे त्याला क्रॉस केस म्हणतात. तडजोडीला बसवायचं ते सगळ्यात सोपं हत्यार आहे.

ओळख पटवायची तर नेमप्लेट वाचा. धावपळीत नाव वाचता आलं नाही तर खांदा बघा. शिपाई आणि प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, यांच्या खांद्यावर तारा नसतो. प्रधान आरक्षकाच्या बाहीवर पट्टे असतात. लाल-निळ्या फितीसह एक तारा म्हणजे सहायक उपनिरीक्षक, दोन म्हणजे उपनिरीक्षक, तीन म्हणजे निरीक्षक. हा निरीक्षकच ठाण्याचा टीआय. मध्य प्रदेशात सगळे त्याला टीआयच म्हणतात. गाडीचा नंबर, आणि गाडीवर ठाण्याचं नाव लिहिलेलं असेल तर तेही लक्षात ठेवा.

आणि हातात दंडा असलेला प्रत्येक जण पोलीस नसतो. हातगाडी उचलायला येणारी 'पीली गैंग' महापालिकेची, तिची तक्रार निगमायुक्तांकडे जाते. बंदोबस्तात होमगार्ड असतात, नगर सुरक्षा समितीचे स्वयंसेवक असतात. कोणी मारलं हे चुकीचं लिहिलंत तर समोरचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. खात्री नसेल तर 'खाकी गणवेशातला, अंदाजे अमुक वयाचा, नाव वाचता आलं नाही' असं लिहा. अनोळखी पोलिसाविरुद्धही गुन्हा दाखल होऊ शकतो.

सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांचं चित्रीकरण करायला कायद्याने बंदी नाही. पण अंगावर येऊन, वाट अडवून करू नका. पलीकडच्या गच्चीवरून कोणी केलेलं असेल तर त्याची किंमत जास्त.

आधी दवाखाना, ठाणं नंतर

या टप्प्यावर जरा थांबून लिहितो, कारण प्रकरण इथेच बनतं किंवा बिघडतं.

डोक्याला मार, उलटी, गुंगी, लघवीत रक्त, यातलं काही असेल तर जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जा. 'पहले पुलिस को बुलाओ' म्हणून तातडीचा उपचार अडवता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ते स्पष्ट केलं. स्कूटरवरच्या जखमी माणसाला दवाखान्याने कायदेशीर बाबीसाठी दुसरीकडे पाठवलं आणि वाटेत तो गेला, त्यातून तो खटला उभा राहिला होता.

जिवावरचं नसेल तर सरळ एमवायला जा, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय. अपघात विभागात सांगा: मारहाण झाली आहे, एमएलसी करायची आहे. मेडिको-लीगल नोंद म्हणजे एमएलसी. ठाण्याच्या भाषेत त्याच तपासणीला मुलाहिजा म्हणतात. ठाण्याचा फॉर्म आणा मग बघू, असं कोणी म्हणालं तर उपचार आणि नोंद आधी करा, रुग्णालयातल्या पोलीस चौकीला दवाखान्यातूनच कळवा, असं शांतपणे सांगा.

टेबलापलीकडचा तरुण डॉक्टर मान वर न करता विचारतो, 'कैसे लगी?' तुमच्याबरोबर पोलीस आले असतील तर त्यांच्यातला एक तुमच्याआधी बोलतो, 'गिर गए थे साब, भगदड़ में.' आणि डॉक्टरचं पेन चालायला लागतं. नेमक्या त्या सेकंदाला बोला. मोठ्याने, एका वाक्यात: 'पुलिस ने डंडे से मारा, इतने बजे, इस जगह.' कागदावर तेच उमटलंय ना हे वाचून बघा. 'गिरने से' असं एकदा लिहिलं गेलं की पुढच्या प्रत्येक पायरीवर ते तुमच्याच तोंडचं म्हणून वाचून दाखवतात.

मग प्रत्येक जखम दाखवा, लाज बाळगू नका. पाठ, मांड्या, पोटऱ्या, तळवे. दंड्याच्या वळाला एक खास आकार असतो: दोन समांतर लाल रेघा आणि मधली पट्टी फिकी. दंडा आपटतो तिथलं रक्त दोन्ही बाजूंना दाबलं जाऊन कडेच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून तसं होतं. पडून खरचटल्यावर असं दिसत नाही. डॉक्टरने लांबी, रुंदी, जागा आणि रंग लिहायला हवा. नुसतं 'अनेक मार' लिहिलं असेल तर नम्रपणे पुन्हा विचारा. ताजा वळ लाल, मग निळसर, पुढे तपकिरी, हिरवट आणि शेवटी पिवळा होत जातो. त्यावरून घटनेच्या वेळेचा अंदाज बांधला जातो, म्हणून चार दिवसांनी गेलेल्या माणसाचं अवघड होतं. उलट खोल मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. तेव्हा परत जा आणि नवीन नोंद मागा.

एक्स-रेचा आग्रह धरा. इथे वैद्यकीपेक्षा कायद्याचा प्रश्न मोठा आहे. साधी दुखापत, न्याय संहितेचं कलम ११५, अदखलपात्र आहे. तेवढ्यावर ठाणं नुसती 'अदम चेक', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची, नोंद फाडून हातात देतं आणि तपास होत नाही. हाड मोडलं असेल, दात पडला असेल, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या वा रोजचं काम करता आलं नाही, तर ती कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत. मग कलम ११७ लागतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा दखलपात्र. जुन्या कायद्यात हे दिवस वीस होते, आता पंधरा. बोटाचं बारीक हाड मोडलेलं असतं आणि आपण मुका मार म्हणून हळद लावून बसतो. विश्रांतीचं प्रमाणपत्र, ऑफिसची रजा, कोचिंगची गैरहजेरी, हे सगळं त्या पंधरा दिवसांच्या हिशेबात धरलं जातं.

फोटो घरच्या कोणाकडून काढून घ्या. आधी चेहरा आणि जखम एका चौकटीत, मग जवळून, शेजारी पट्टी ठेवून. रोज एकदा, तीन-चार दिवस. त्या दिवशीचे कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवून द्या.

फुटेज

दुकानांच्या डीव्हीआरवर जुनं आपोआप पुसून नवं चढत जातं, काही ठिकाणी आठवड्या-पंधरवड्यातच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्यावर परत जा, शक्यतो तिथल्या ओळखीच्या मराठी काका-दादाला बरोबर घेऊन, आणि कॅमेरे कुठे कुठे आहेत ते लिहून काढा. सराफा-राजवाड्याचा व्यापारी फुटेज लगेच देणार नाही. त्याला त्याच ठाण्याच्या हद्दीत धंदा करायचा आहे, त्याचा राग मानू नका. 'दादा, देऊ नका, फक्त पुसू नका' एवढंच म्हणा आणि तारखेसह एक साधी चिठ्ठी देऊन तिची पोच घ्या. पुढे नागरिक संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय ते मागवू शकतं, आणि मागवलं की देणं त्यालाही सोपं जातं.

ठाण्याच्या आत मारहाण झाली असेल तर परमवीर सिंह सैनी खटल्याचा २ डिसेंबर २०२० चा निकाल अर्जात लिहा. देशातल्या प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही हवा, साठवण अठरा महिन्यांची आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षाहून कमी नको, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. 'कैमरा बंद था' असं उत्तर येऊ शकतं. ते लेखी घ्या, तेही उपयोगी पडतं.

स्वतःकडे व्हिडिओ असेल तर मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथेच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत आकसलेली असते. न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे ती फाइल बदललेली नाही हे पटवणारा आकडा, तेही द्यावं लागतं. संगीत, वर्तुळं, बाण घालून सजवलेला व्हिडिओ सोशल मीडियावर खुशाल चालवा, पुरावा म्हणून मात्र मूळच.

अर्ज कसा लिहायचा

हिंदीत लिहा. मराठीत लिहिलेला अर्ज कोणी फाडून टाकणार नाही, पण तो समजून घ्यायच्या निमित्ताने बाजूला पडेल. स्वतःच्या हिंदीची लाज वाटत असेल तर जिल्हा न्यायालयाबाहेरचे टंकलेखक नेमकं लिहून देतात. त्यांनी घातलेली 'अत्यंत बर्बरतापूर्वक' छापाची विशेषणं तेवढी काढून टाका.

एका पानात बसवा. तारीख, वेळ, जागा आणि जवळची ठळक खूण. मी तिथे कशासाठी होतो: जेवायला आलो होतो, हे बिल; क्लास सुटला होता, हे हजेरीपत्रक. निष्पाप असल्याचा दावा करण्यापेक्षा हे दोन कागद जास्त बोलतात. मग क्रमाने घटना: सूचना ऐकू आली की नाही, किती जण होते, कुठे किती वार, पडल्यावर मारलं का, काय बोलले. साक्षीदार. एमएलसी क्रमांक. शेवटी दोन मागण्या स्वतंत्र ओळींत: गुन्हा नोंदवा, आणि अमुक कॅमेऱ्यांचं अमुक ते अमुक वेळेचं फुटेज जतन करा. जे पाहिलं नाही ते लिहू नका. मित्राने पाहिलं असेल तर मित्राचा वेगळा अर्ज.

दोन प्रती न्या. एकीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय मागे फिरू नका. एकटे जाऊ नका. मोहल्ल्याचे पार्षद (नगरसेवक), घरमालक, वकील, कोणीही शहाणं माणूस बरोबर चालेल. इंदूरला प्रत्येकाची कोणा ना कोणाशी 'पहचान' असते, तिचा उपयोग सोबतीपुरता करा. पार्षदाने टीआयला फोन केला आणि 'हो जाएगा' म्हणाला, म्हणून अर्ज न देता घरी आलात तर काही होत नाही.

घटना ज्या ठाण्याच्या माणसांनी केली तिथेच जावं लागतं असं नाही. नागरिक संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही कळवता येतं, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात ठरवलं. नव्या संहितेने त्यात एक फट ठेवली आहे: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. 'जांच चल रही है' असं कोणी म्हणालं तर विचारा: कुठल्या तारखेपासून, कोणाच्या परवानगीने?

उचलून नेलं असेल तर

बघ्यांनाही कधी गाडीत कोंबतात. बहुतेकदा ती प्रतिबंधक कारवाई असते, जुन्या संहितेचं कलम १५१, आता नागरिक संहितेचं कलम १७०. चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. अटकेचं कारण सांगायला हवं, घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला कळवायला हवं, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही हवी, चौकशीदरम्यान वकिलाला भेटता यायला हवं. यातलं पुष्कळसं १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलं. बाईला सूर्यास्तानंतर अपवादाशिवाय अटक करता येत नाही.

कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला मिळते. तिथेही डॉक्टरला तेच एक वाक्य सांगायचं. सुटताना मुचलक्याचे कागद पुढे येतात. रात्रभर जागलेला माणूस जिथे बोट ठेवतील तिथे सही करतो. वाचा. त्यात 'किसी प्रकार की मारपीट नहीं हुई' अशी ओळ असेल तर ती खोडल्याशिवाय सही नको.

ठाण्यात दाद लागली नाही तर

पुढची पायरी डीसीपी, ग्रामीण भागात अधीक्षक. लेखी, स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. ही पायरी गाळू नका. हा कागद नसला तर दंडाधिकारी तुम्हाला परत पाठवतील. दर मंगळवारी जनसुनावणी असते, तिथे अर्ज देऊन नोंद क्रमांक घ्या. १८१ वर मुख्यमंत्री हेल्पलाइनला तक्रार करता येते. तिचा खरा उपयोग इतकाच की तक्रार तारखेसह खात्याबाहेर नोंदली जाते. मग एक दिवस फोन येतो, 'संतुष्ट हैं ना, बंद कर दें?' काही झालं नसेल तर नाही म्हणा, गोड बोलून का होईना.

भोपाळच्या राज्य मानवाधिकार आयोगाकडे साध्या टपालाने, विनाशुल्क तक्रार करता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही, पण त्याची नोटीस आली की जिल्ह्याला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर पुढे तुमच्या कामी येतं. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असताना राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम पाठवण्यात अर्थ नाही. पोलीस तक्रार प्राधिकरणाबद्दल वाचलं असेल. २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने ते राज्य आणि जिल्हा पातळीवर नेमायला सांगितलं होतं. मी त्याच्या भरवशावर कोणाला थांबायला सांगत नाही.

न्यायालय

आता वकील हवा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अठराच्या आतली मुलं आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

दंडाधिकाऱ्याकडे दोन वाटा आहेत. एक, नागरिक संहितेच्या कलम १७५ खाली तपासाचा आदेश मागणं, शपथपत्रासह. दुसरी, कलम २२३ खाली थेट फिर्याद. कृत्य सरकारी काम करताना घडलं असं असेल तर दोन्हीकडे वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवला जातो आणि त्या पोलिसाला आपली बाजू मांडता येते. त्यात वेळ जातो. त्याउपर कलम २१८ ची मंजुरी. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्यांना पदावरून काढता येत नाही अशा अधिकाऱ्यांवर, कर्तव्याशी निगडित कृत्यासाठी, मंजुरीशिवाय खटला चालत नाही. मारहाण हे काय कर्तव्य, असं आपल्याला वाटतं. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की मर्यादा ओलांडली तरी कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर हे कवच मिळतं. नव्या संहितेत एक चांगला बदल झाला: सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं. म्हणून मंजुरीच्या अर्जाची पोच सोन्यासारखी जपा.

मुदती चटकन निसटतात. मध्य प्रदेशात १८६१ चाच पोलीस कायदा चालतो आणि त्याच्या कलम ४२ मध्ये पोलिसावर कारवाई सुरू करायला तीन महिन्यांची मुदत आणि महिन्याची पूर्वसूचना आहे. ती तुमच्या प्रकरणाला लागते की नाही यावर वाद घालता येईल, पण तीन महिन्यांच्या आत हालचाल केली तर वादच उरत नाही. भरपाईचा दिवाणी दावा करायचा तर कायद्याखाली केलेल्या कृत्यासाठी मुदत एक वर्षाची, आणि सरकारवर दाव्याआधी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस.

मोठी इजा असेल, किंवा कोणी दगावलं असेल, तर उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ शहरातच आहे, जबलपूरला जावं लागत नाही. अनुच्छेद २२६ खाली रिट करून सरकारकडून भरपाई मागता येते. १९८३ चा रुदुल साह आणि १९९३ चा नीलाबती बेहेरा हे निकाल तुमचा वकील पहिल्याच पानावर घालेल. तिथे एमएलसी, अर्जांच्या पोचा आणि तारखा एकमेकांशी जुळतात का, हे आधी बघितलं जातं.

मधल्या काळात

समेटासाठी माणसं येतील. घरमालकाला फोन जाईल, कॉलेजला जाईल, 'बाहर का लड़का है, कैरियर खराब होगा' असं कोणीतरी काळजीच्या सुरात सांगेल. समेट करायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. परगावी राहून वर्षानुवर्षं तारखा करणं सगळ्यांना झेपत नाही आणि त्यात कमीपणा नाही. फक्त कोऱ्या कागदावर सही नको, आणि धमकी आली तर तिचा दिवस, वेळ, नंबर लिहून डीसीपींना वेगळा अर्ज टाका.

'लाइन अटैच कर दिया' या बातमीवर समाधान मानू नका. ती बदली आहे, शिक्षा नव्हे. निलंबनही चौकशी होईपर्यंतची सोय असते आणि त्या काळात निर्वाह भत्ता चालू असतो. खातेनिहाय चौकशीत साक्षीदार म्हणून तुमचा जबाब घ्यावा, अशी लेखी मागणी करा. महिना-दीड महिन्याने माहिती अधिकारात दहा रुपये भरून तीनच प्रश्न विचारा: चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली, चौकशी अधिकारी कोणत्या पदावरचा आहे, निष्कर्ष काय निघाला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं नाही किंवा टाळलं तर त्याच कचेरीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.